मुखवट्याच्या काठावरची भोकं

शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, पिकासोने आफ्रिकन मुखवटे चोरले असं हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं. आमच्या पुस्तकात मात्र 'आदिम कलेपासून प्रेरणा घेतली' एवढं एकच वाक्य आहे. खरं काय? त्याने आणि बाकीच्यांनी नेमकं काय घेतलं? आणि मला माझ्या शेवटच्या कामात मुखवटे करायचे आहेत, ते केले तर चालतील का?"

मी गेली बत्तीस वर्षं लाकूड कोरतो आहे, त्यातली निम्मी वर्षं शिकवतही होतो. त्यामुळे हे उत्तर मी वाकस-पटाशीच्या बाजूने देणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आधुनिक कलेने आफ्रिकेकडून घेतलं ते ज्ञान होतं. वस्तू कशी घडवायची, दिसतं ते सोडून असतं ते कसं दाखवायचं, याचं पिढ्यान् पिढ्या घासून पक्कं झालेलं ज्ञान. ते घेताना शिकवणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही. नक्कल केली की नाही, या वादापेक्षा मला हा मुद्दा फार मोठा वाटतो.

आधी पुस्तकातला तो 'आदिम' शब्द खोडून टाक. नायजेरियातल्या इफे या योरुबा लोकांच्या गावात १९३८ साली घराचा पाया खणताना पितळेची आणि तांब्याची डझनाहून जास्त डोकी सापडली. जवळजवळ खऱ्या माणसाच्या मापाची, साधारण १२ ते १५ व्या शतकातली. गालावरचा मऊ उतार, ओठांची कड, पापणीची जाडी, सगळं इतकं अचूक की ओतकाम करणारा माणूस समोर बसला तर त्याची झोप उडेल. मेणाची प्रतिमा करायची, तिच्यावर माती चढवायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडेही ओतारी हेच करत आले आहेत, म्हणून सांगतो, धातूची भिंत पातळ ठेवून एवढं मोठं डोकं एका झटक्यात ओतणं हे चार-दोन वर्षांत येणारं काम नव्हे. १९१० साली लिओ फ्रोबेनियस हा जर्मन अभ्यासक इफेला गेला होता. तिथली शिल्पं पाहून त्याने निष्कर्ष काढला की ही बुडालेल्या अटलांटिसची शिल्लक असणार. आफ्रिकन माणसाने ती केली असतील, हे त्याला पटेना.

म्हणजे हुबेहूब करता येत नव्हतं म्हणून चेहरे 'वेडेवाकडे' केले, ही समजूत मुळातच चुकीची. त्याच योरुबा लोकांत पुढे लाकडाच्या मूर्ती झाल्या, त्यांत डोकं एकूण उंचीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं असतं. खऱ्या माणसात ते सातव्या हिश्श्याच्या आसपास येतं. माप चुकलं म्हणून हे झालं नाही. योरुबांच्या समजुतीप्रमाणे माणसाचं प्राक्तन डोक्यात असतं, म्हणून डोकं मोठं. त्यांच्यातल्या जाणकारांकडे याला शब्दही आहे, 'जीजोरा'. मूर्ती माणसासारखी दिसावी, पण अमक्यातमक्या माणसासारखी दिसू नये. ओळख पटण्यापुरतं साम्य ठेवायचं आणि तिथेच थांबायचं. ज्यांच्याकडे इतका बारकाईने तोललेला शब्द आहे, त्यांच्या कलेला आदिम म्हणणं मला तरी जमत नाही.

आता पिकासो. १९०७ सालच्या मध्यावर तो पॅरिसच्या त्रोकादेरो राजवाड्यातल्या मानववंश संग्रहालयात गेला. तिथल्या वस्तू फ्रेंच वसाहतींमधून आलेल्या, कोंदट खोल्यांत रचून ठेवलेल्या. त्या दिवसाबद्दल त्याने पुढे कितीतरी वर्षांनी आंद्रे मालरो या लेखकाला सांगितलं. त्याचा आशय असा, की हे मुखवटे म्हणजे नुसती शिल्पं नव्हती. माणसाला घेरणाऱ्या अज्ञात शक्तींशी मध्यस्थी करणाऱ्या त्या वस्तू होत्या, हत्यारं होती, आणि आपण चित्रकार का आहोत हे आपल्याला त्या दिवशी कळलं. त्याच वर्षी त्याने 'आव्हिन्यांच्या तरुणी' हे सुमारे २४४ बाय २३४ सेंटिमीटरचं चित्र पुरं केलं. पाच नग्न स्त्रिया. मधल्या दोघींचे चेहरे स्पेनमधल्या प्राचीन इबेरियन दगडी डोक्यांच्या वळणाचे, आणि उजवीकडच्या दोघींचे चेहरे पाहताना धक्का बसतो, जणू कुणी गालावर पटाशीने रेघा मारल्या आहेत. ते चित्र लोकांसमोर मांडलं गेलं ते थेट १९१६ साली, आणि आता ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

तुझ्या पुस्तकात बहुधा डावीकडे मुखवटा आणि उजवीकडे चित्रातला चेहरा अशी जोडी छापली असेल. ती डोळे झाकून मान्य करू नकोस. काँगोतल्या पेंडे लोकांचा वाकड्या तोंडाचा, आजाराचा मुखवटा अशा जोड्यांत सर्रास वापरतात. तो मुखवटा पिकासोला १९०७ साली पॅरिसमध्ये पाहायला मिळण्याची शक्यताच नव्हती. म्हणजे 'हा बघून तो काढला' इतकं सरळ ते प्रकरण नाही. म्हणून त्याने काही घेतलंच नाही असंही नाही. १९२० साली एका मासिकाने विचारल्यावर तो, आफ्रिकन कला आपल्याला ठाऊकच नाही, असं तुटकपणे बोलून मोकळा झाला. पण त्याच्या स्टुडिओत मुखवटे आणि मूर्ती होत्या, छायाचित्रांत त्या दिसतात. शिकलो हे कबूल करायला माणसाला जड जातं, तेव्हा तो असं बोलतो. मला ते वाक्य वाचून नेहमी वाईट वाटतं.

काय घेतलं, याचं सगळ्यांत स्वच्छ उत्तर मला मातीस या फ्रेंच चित्रकाराकडे सापडलं. १९०६ साली पॅरिसमध्ये रेन रस्त्यावरच्या एका दुकानात त्याने काँगो किनाऱ्यावरच्या विली लोकांची एक छोटी बसलेली मूर्ती विकत घेतली आणि गर्ट्रूड स्टाइन या पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकन लेखिकेच्या घरी नेऊन पिकासोला दाखवली. पुढे त्याने त्या दिवसांबद्दल जे सांगितलं ते असं: युरोपातली मूर्ती स्नायूंवर, म्हणजे पाहिलेल्या शरीराच्या वर्णनावर उभी असते. या मूर्ती मात्र त्यांच्या द्रव्यातून आणि करणाऱ्याने मनाशी ठरवलेल्या प्रतलांतून, प्रमाणांतून उभ्या राहतात. हे बोलणं हातात हत्यार धरणाऱ्या माणसाचं आहे, आणि ते मला अनुभवाने पटलं.

तो अनुभव सांगतो. केविन कॅरल नावाच्या मिशनऱ्याने योरुबा कोरकाम करणाऱ्यांसोबत काम करून त्यांच्या कामाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. पहिली 'ओना लिले': डोकं, धड, पाय यांचे मोठे ठोकळे पाडायचे, बस. दुसरी 'आलेतुनले': त्या ठोकळ्यांतून डोळे, कान, हात यांचे लहान ठोकळे. तिसरी 'दीदोन': सगळं गुळगुळीत, तुकतुकीत करायचं. चौथी 'फिफिन': धारदार सुरीने केसांच्या रेघा, पापण्या, अंगावरचे गोंदणासारखे नक्षीचे काप. ओलं लाकूड घ्यायचं आणि वाकसाने तासायचं. काही वर्षांपूर्वी मी शिवणीच्या झाडाचा एक ताजा ओंडका आणला आणि ठरवलं, याच क्रमाने जायचं, पायरी ओलांडायची नाही.

पहिल्याच दुपारी माझी फजिती झाली. मी कला महाविद्यालयात शिकलो तो मातीवर. आधी सांगाडा, मग माती चढव, मग मॉडेलकडे बघून दाबत, खरवडत जा. त्या सवयीने माझा हात सारखा नाकाकडे धावत होता. वाकस नाकाचं काम करूच देत नाही. तिचा प्रत्येक घाव एक सपाट, रुंद चकती उडवतो आणि खाली एक प्रतल सोडतो. चार घाव, चार प्रतलं, आणि त्या प्रतलांच्या काठावर उजेड वळतो. कपाळ, गाल, हनुवटी हे 'भाग' न राहता एकमेकांना भिडलेल्या पाटांसारखे दिसायला लागले. दोन दिवसांनी मी थोडा मागे सरकून पाहिलं, तर नाकडोळे नसलेला तो ठोकळा माझ्या मातीच्या कुठल्याही डोक्यापेक्षा जास्त उभा होता, जास्त बघत होता. क्यूबिझमबद्दल, म्हणजे दिसणारी वस्तू प्रतलांत मोडून मांडायच्या पिकासोच्या रीतीबद्दल, मी पंधरा वर्षं वर्गात बोललो होतो. तो कुठून निघाला हे माझ्या मनगटाला त्या दिवशी कळलं.

हात अंगाला चिकटलेले का, गुडघे किंचित वाकलेले का, मूर्ती समोरासमोर ताठ का, या सगळ्याची निम्मी उत्तरं ओंडक्यात आहेत. मूर्ती एकाच लाकडातून काढायची, सांधा नाही, तर ती खोडाच्या गोलाईबाहेर जाऊ शकत नाही. उरलेली निम्मी उत्तरं विचारात आहेत: वाकलेल्या गुडघ्यांत उडी मारायच्या आधीचा ताण असतो, त्यामुळे स्थिर मूर्तीत जीव राहतो. ब्रांकुसी या शिल्पकाराने १९०७ साली रोदँ या नामवंत फ्रेंच शिल्पकाराच्या कार्यशाळेत थोडेच दिवस काम केलं आणि बाहेर पडून तो थेट दगड-लाकूड कोरायला लागला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे शिल्पकार मातीत घडवायचा आणि संगमरवर कोरायचे ते मदतनीस, मापाच्या यंत्राने. ब्रांकुसीच्या मागे त्याच्या रुमेनियातल्या गावचं लाकूडकामही होतं, सगळं श्रेय आफ्रिकेला देणं बरोबर होणार नाही. पण १९१३-१४ च्या सुमाराची त्याची लाकडी शिल्पं पाहिलीस तर तुला हे ओंडक्याचं व्याकरण लगेच दिसेल. इटालियन कलाकार मोदिग्लियानीची लांब नाकाची, छोट्या तोंडाची दगडी डोकी आयव्हरी कोस्टमधल्या बाउले मुखवट्यांच्या नात्यातली आहेत. जर्मनीत ड्रेस्डेनच्या 'ब्रुके' या चित्रकारांच्या गटातले किर्शनर वगैरे मंडळी तिथल्या मानववंश संग्रहालयात जाऊन रेखाटनं करत होती. त्यांनी जोश घेतला, रचना कमी घेतली, असं माझं मत आहे.

रचना घेतल्याचा सगळ्यांत मोठा पुरावा एका गिटारमध्ये आहे. या एका गोष्टीवर मी वर्गात अख्खा तास घालवायचो, इथेही थोडं थांबतो.

१९१२ च्या ऑगस्टमध्ये पिकासो आणि त्याचा चित्रकार मित्र ब्राक मार्सेय बंदरात गेले होते. तिथे पिकासोने आफ्रिकन वस्तू घेतल्या. त्याच्याकडे ग्रेबो लोकांचे, म्हणजे लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याकडचे, मुखवटे होते. ग्रेबो मुखवटा म्हणजे जवळजवळ एक सपाट फळी. तिच्यावर मधोमध नाकाची एक उभी पट्टी, खाली तोंडासाठी पुढे आलेला ठोकळा, आणि डोळ्यांच्या जागी दोन नळ्या. लाकडाच्या, पुढे आलेल्या नळ्या. आता विचार कर. डोळा कवटीत खोल बसलेला असतो. ग्रेबो कारागिराने तो बाहेर काढला. तरी पाहणाऱ्याला तो डोळाच वाटतो, एक क्षणही शंका येत नाही. का? कारण फळी, पट्टी, ठोकळा आणि नळ्या यांची एकमेकांतली जागा चेहऱ्याची आहे. एकटी नळी डोळ्यासारखी मुळीच दिसत नाही. त्या जागी ती आली की तिचा अर्थ डोळा होतो. आपण अक्षर वाचतो तसंच आहे हे. 'क'चा आकार कशासारखा दिसतो असं आपण विचारत नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी पिकासोने पुठ्ठा, दोरा आणि तार घेऊन एक गिटार केली, आणि १९१४ साली तीच पत्र्यात केली. गिटारच्या पोटाला गोल भोक असतं. त्याने ते भोक पुढे आलेल्या नळीने दाखवलं. पोकळ जागा होती तिथे बाहेर आलेली वस्तू. त्याचा विक्रेता आणि मित्र दानिएल-हेन्री कानवायलर याने पुढे स्पष्ट लिहिलं की हे ग्रेबो मुखवट्याने शिकवलं. त्याआधी युरोपात शिल्प म्हणजे एक तर कोरायचं, नाहीतर घडवून ओतायचं. तुकडे कापून, जोडून, मोकळ्या जागेला आकार देऊन शिल्प होतं, ही वाट त्या गिटारने उघडली. १९१४ साली रशियन कलाकार ताट्लिन पिकासोच्या स्टुडिओत जाऊन आला आणि रशियात परतून त्याने पत्रा-लाकडाची कोपऱ्यात टांगलेली शिल्पं केली. पुढे स्पॅनिश शिल्पकार गोन्झालेझचं जोडकामाचं लोखंडी शिल्प आलं. आज तू वेल्डिंग मशीन हातात धरून जे करतेस, त्याच्या पूर्वजांत त्या किनाऱ्यावरचा एक माणूस आहे, ज्याने डोळा बाहेर काढायचं धाडस केलं.

आणि हेही ऐक. त्रोकादेरोच्या त्याच संग्रहालयात एक लोखंडी पुतळा उभा होता. आताच्या बेनिन देशातल्या जुन्या डाहोमी राज्याचा, लोखंडाच्या आणि युद्धाच्या 'गू' देवाचा, जवळजवळ माणसाच्या उंचीचा. लोखंडाचे पत्रे आणि कांबी ठोकून, जोडून केलेला. डोक्यावर टोपीसारख्या चकतीवर छोटी हत्यारं उभी. १९ व्या शतकाच्या मध्याआधीचं हे काम. कवी आपोलिनेरला तो पुतळा फार आवडायचा. करणाऱ्याचं नाव इतिहासात टिकलं आहे: आकाती एक्प्लेकेन्दो. पिकासोने गिटार याच्यावरून केली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण जोडकामाचं लोखंडी शिल्प विसाव्या शतकात युरोपने शोधलं असं लिहिलेलं दिसलं, की हा पुतळा आठव.

तिसरं उदाहरण स्वयंपाकघरातलं. लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टमधल्या दान लोकांत लाकडाचा एक मोठा पळा असतो, 'वाकेमिया'. पळ्याची वाटी म्हणजे बाईचं पोट, आणि दांड्याच्या टोकाला कधी तिचं डोकं तर कधी दोन पाय. गावात जी बाई सगळ्यांत मोठ्या मनाने पाहुण्यांना जेवू घालते, जिच्या दारातून कुणी उपाशी परतत नाही, तिला हा पळा मानाने मिळतो. सणाच्या दिवशी ती तो हातात घेऊन नाचते, भात वाढते. स्विस शिल्पकार जाकोमेत्तीने १९२६-२७ मध्ये 'पळा-स्त्री' हे सुमारे दीड मीटर उंचीचं शिल्प केलं, त्यात वाटीच धड झाली. सुंदर शिल्प आहे. पण मला दोन्ही शेजारी ठेवून पाहताना जाणवतं की दान पळ्यात जे आहे त्यातलं अर्धंच पॅरिसला पोचलं. पोट म्हणजे वाटी, हा आकार पोचला. ती वाटी भरलेली असायची, तिने माणसं जेवायची, हे मागे राहिलं.

हे मागे राहणं कसं घडलं ते एका साध्या खुणेत दिसतं. कुठलाही जुना मुखवटा जवळून पाहायला मिळाला तर त्याचा काठ बघ. काठाला ओळीने भोकं असतात. हल्ली संग्रहालयात आपण ती बघतो आणि पुढे जातो. त्या भोकांतून रॅफिया ताडाच्या धाग्यांचा झगा ओवलेला असायचा, नाचणाऱ्याचं सगळं अंग झाकणारा. वर पिसं, शिंगं, कापड. सोबत ढोल, गाणं, आणि कुणाच्या तरी मर्तिकाचा किंवा पेरणीचा प्रसंग. बाउले लोकांचा 'गोली' हा मुखवट्यांचा नाच असा दिवसभर चालतो, एकामागून एक मुखवटे येतात. पॅरिसच्या विक्रेत्यांनी धागे कापले, तेलाचे आणि बळीच्या रक्ताचे थर पुसले, लाकडाला मेण लावून चमक आणली. तिथे किचिझो इनागाकी नावाचे एक जपानी सुतार होते, त्यांनी या मूर्तींसाठी लाकडाच्या देखण्या बैठका केल्या. त्यांचं काम इतकं नावाजलं गेलं की आजही बैठकीवरून एखादी मूर्ती कुणाच्या हातातून गेली याचा माग काढतात. बैठकीवर चढलेला चेहरा 'शिल्प' झाला. आधुनिक कलाकारांनी पाहिलं ते हे.

पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, पाहिला असशील तर माझं म्हणणं चटकन कळेल. तिथे मुखवटा चढवलेल्याला 'सोंग' म्हणतात. सोंग येतं, संबळावर नाचतं, मशालीच्या उजेडात त्याचे डोळे हलल्यासारखे वाटतात. तोच मुखवटा सकाळी खुंटीला टांगलेला पाहिला तर रात्रीचं त्यातलं फार थोडं हाती लागतं. दुरून आलेल्या माणसाने फक्त खुंटीवरचा मुखवटा पाहिला आणि त्यावर मोठं पुस्तक लिहिलं, असं समज.

फांग लोकांच्या पूर्वजमूर्ती मी पॅरिसमध्ये पाहिल्या. गॅबनच्या जंगलातले हे लोक पूर्वजांच्या अस्थी सालीच्या पेटीत ठेवत आणि पेटीवर रक्षणाला ही मूर्ती. तिला वर्षानुवर्षं तेल चोपडलेलं. आज शंभराहून जास्त वर्षांनीही त्यातल्या काही मूर्तींच्या काळ्या अंगावर तेल पाझरतं. काचेच्या पलीकडे ती घामेजल्यासारखी ओली चमक होती. मला तिथून हलवेना. शेजारी कोटा लोकांच्या मूर्ती, लाकडावर पितळ-तांब्याचे पत्रे ठोकलेल्या, जवळजवळ सपाट, खाली शंकरपाळ्यासारखा चौकोन. चित्रकार ख्वान ग्रीसने १९२२ साली तशी एक पुठ्ठ्याची करून घरी ठेवली होती. त्याला सपाट पत्र्यातून चेहरा कसा निघतो हे हाताने समजून घ्यायचं असणार. या नकलेत मला चोरी दिसत नाही. शिकणारा माणूस असंच करतो.

चोरी शोधायची तर ती वेगळ्या ठिकाणी आहे आणि तिथे हा शब्द उपमा म्हणून वापरावा लागत नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेने आताच्या नायजेरियातलं बेनिन शहर जिंकलं, जाळलं, तिथला ओबा, म्हणजे राजा, ओवोनराम्वेन याला कालाबारला हद्दपार केलं आणि राजवाड्यातली पितळी शिल्पं आणि हस्तिदंती काम हजारोंच्या संख्येने नेलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आजही त्यातल्या नऊशेच्या आसपास वस्तू आहेत. १८९२ साली फ्रेंच फौजेने डाहोमीची राजधानी आबोमे घेतली. तिथले राजपुतळे, सिंहासनं, वाड्याची दारं त्रोकादेरोला आली. म्हणजे पिकासो ज्या खोल्यांत भारावून उभा राहिला तिथे लुटीचा मालही होता, लूट होऊन पंधरा वर्षंच झाली होती. २०२१ च्या नोव्हेंबरात फ्रान्सने त्यातल्या २६ वस्तू बेनिन देशाला परत दिल्या. बेहान्झिन राजाचा अर्धा माणूस, अर्धा शार्क असा पुतळाही त्यांत आहे. तो सोसा देदे या कलावंताचा. पुढच्या वर्षी कोतोनूमध्ये त्या वस्तूंचं प्रदर्शन झालं तेव्हा सोबत आजच्या बेनिनी कलाकारांचं काम मांडलं होतं. जर्मनीने २०२२ साली नायजेरियाशी करार करून आपल्याकडच्या बेनिन शहरातल्या शिल्पांची मालकी हस्तांतरित केली. नेदरलँड्सने २०२५ साली नायजेरियाला ११९ वस्तू परत दिल्या. गू देव मात्र पॅरिसमध्येच आहे.

दुसरी चोरी नावांची. 'अनामिक कारागीर' हे पाटीवरचे शब्द आपण इतके वाचले आहेत की तिथे खरंच नावं नव्हती असं वाटायला लागतं. नावं होती. विचारायची तसदी कुणी घेतली नाही. योरुबांमध्ये १९३८ साली वारलेला ओलोवे ऑफ इसे हा शिल्पकार त्याच्या हयातीतच इतका गाजलेला होता की राजे त्याला बोलावून घेत आणि तो वर्षानुवर्षं राजवाड्यात राहून काम करत असे. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्याने केलेल्या दारावर राजा ब्रिटिश अधिकाऱ्याला भेटतो आहे असा प्रसंग आहे. आकृत्या फळीतून इतक्या पुढे आलेल्या आहेत की दार उघडताना त्या अंगावर येतील असं वाटावं. हे दार १९२४ साली लंडनच्या वेम्ब्ली प्रदर्शनात मांडलं गेलं. ब्रिटिश म्युझियमने मागितल्यावर राजाने ते पैशाला द्यायला नकार दिला. बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन घेतलं. लाकडात काम करणारा माणूस म्हणून सांगतो, त्या दारापुढे बदल्यात आलेली कुठलीही खुर्ची हलकीच ठरणार.

एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. १९०६ साली पॅरिसमध्ये मातीस आफ्रिकन मूर्ती विकत घेत होता, त्याच वर्षी लागोसमध्ये आयना ओनाबोलू हा तरुण हुबेहूब युरोपीय धाटणीची व्यक्तिचित्रं रंगवत होता. आफ्रिकन माणसाला यथार्थ चित्र काढता येत नाही, असं साहेब म्हणत होते, आणि त्याला ते खोटं पाडायचं होतं. त्याने ते पाडलं. जे. जे. स्कूलच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या लोकांना ही जिद्द परकी वाटू नये. पुढे १९५८ साली झारियाच्या महाविद्यालयात उचे ओकेके, ब्रूस ओनोब्राक्पेया आदी विद्यार्थ्यांनी गट केला आणि आपल्या घरातलं आणि बाहेरून आलेलं यांतलं जे उपयोगी तेवढं निवडून घ्यायचं ठरवलं. आफ्रिकन कलेचा आधुनिक कलेवरचा प्रभाव शिकवताना हे लोक गाळले जातात. त्यांच्यावर त्या कलेचा हक्क सगळ्यांत आधी होता.

आपल्याकडे हे वळण बरंचसं पिकासोच्या वाटेने आलं. गोव्यातल्या साळगावात १९२४ साली जन्मलेल्या चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांची लंडनमधली १९५० च्या दशकातली डोकी बघ. डोळे कपाळावर चढलेले, नाकाची एकच जाड पट्टी, चेहरा रेघांनी विणलेला. त्यात गोव्याच्या चर्चमधले जखमी ख्रिस्त आहेत, युरोपातली मध्ययुगीन चित्रं आहेत, पिकासो तर आहेच. आणि पिकासोच्या मागे, दोन पिढ्या मागे, डोळ्याची जागा बदलली तरी चेहरा राहतो हे ज्याने आधी ओळखलं तो ग्रेबो माणूस उभा आहे.

आता तुझा शेवटचा प्रश्न, मुखवटे करू का. कर. पण 'आफ्रिकन मुखवटा' असं काही करू नकोस. आफ्रिकेत ५४ देश आहेत, आणि एकेका देशात कितीतरी लोक, कितीतरी वेगळे हात. एकच मुखवटा निवड. तो कुठल्या लोकांचा, त्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात, तो कोण घालतं, केव्हा घालतं, कुणी बघायचा नसतो, हे आधी शोध. सापडेल ते तुझ्या कामाच्या पाटीवर लिही, तुझ्या नावाच्या वर लिही. काही मुखवटे दीक्षा न घेतलेल्यांनी पाहायचेच नसतात. ते निवडू नकोस, करायला दुसरे पुष्कळ आहेत.

मला विचारशील तर सिएरा लिओन आणि लायबेरियातल्या मेंदे लोकांच्या 'सोवेई'पासून सुरुवात कर. बहुतेक ठिकाणी मुखवटा घालून नाचतात ते पुरुष. हा बायका घालतात, 'सांदे' या बायकांच्या मंडळात, मुली वयात येऊन मोठ्या होतात त्या विधीच्या वेळी. कोरतात पुरुष, पण करून घेतात बायका आणि जोखतातही त्याच. काळाभोर, तुकतुकीत, डोकं पूर्ण आत जाईल असा. कपाळ मोठं, डोळे अर्धे मिटलेले, तोंड अगदी लहान, केसांची रचना भरगच्च. मानेवर एकाखाली एक वळ्या असतात. काहीजणी त्यांना पाण्यातून डोकं वर काढताना उठणारे तरंग म्हणतात. शिवण मिळाली तर शिवण घे, ताजी घे, सावलीत ठेव आणि रोज काम संपलं की ओल्या गोणपाटात गुंडाळ, नाहीतर गाभ्यापासून तडकेल. आधी मोठे ठोकळे पाड. चार दिवस नाकाला हात लावू नकोस.

आणि कोरायच्या आधी रेखाटनं करशील तेव्हा खालच्या काठाची भोकंही मोजून काढ. झगा तिथे ओवलेला असतो.